जटामांसीवांचून

‘नैसर्गिक’ या शब्दावर अलीकडे लोकांचा फार भरंवसा बसला आहे. एखाद्या डबीवर हिरवें पान रंगविलेलें असलें आणि त्याखालीं हा शब्द असला, कीं शिकल्यासवरल्या माणसांचीहि चौकस बुद्धि विसांवा घेते. आंतील पदार्थ झाडापासून आला एवढें कळलें म्हणजे पुरे. त्या झाडाचें पुढें काय झालें, हें विचारावें असें कोणाला सुचत नाहीं. माझें पोट याच शब्दावर चालतें. त्यामुळें त्याच्याविषयीं चार गोष्टी बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे, असें मी समजतें.

मी वाईला राहतें आणि उटणें व शिकेकाई करून विकतें. धंदा म्हणण्यापेक्षां याला घरची खटपट म्हणणेंच अधिक शोभेल. दोन खोल्या, एक गच्ची, एक लहानशी चक्की आणि माझ्यासह पांच बायका, एवढाच सारा पसारा. शिकेकाई करावयाची तर चक्की स्वतःची असावीच लागते. पिठाच्या गिरणीवाल्यासमोर शिकेकाईचें नांव काढलें तर तो कोपरापासून हात जोडतो. तिच्यामागून दळलेल्या पिठाची भाकरी कडू लागते, आणि दळतां दळतां शिंकांनीं त्याचा जीव मेटाकुटीस येतो. आमच्या खोलींतहि दळणाच्या दिवशीं नाकातोंडाला ओला फडका बांधल्यावांचून कोणाला उभें राहवत नाहीं. सृष्टीला न दुखवितां चालविलेल्या धंद्यांचीं वर्णनें मीं पुष्कळ वाचलीं आहेत. त्यांत नदी असते, झाड असतें, मधमाशीहि असते. दळणारणीचें नाक मात्र मला त्यांत कोठें आढळलें नाहीं.

या कामांतील कांहीं गोष्टी अगदीं सोप्या आहेत. भुकटींत पाणी नसतें, म्हणून ती टिकविण्यासाठीं निराळें औषध घालावें लागत नाहीं. बाटलींतील शांपूचा बराचसा भाग पाणीच असतो. तें पाणी प्लास्टिकांत भरून शेंकडों मैल वाहून नेण्यांत कोणतें शहाणपण आहे, हें मला उमगलेलें नाहीं. मध्यंतरीं अंग घासण्याच्या मलमांत प्लास्टिकचे बारीक कण घालण्याची एक तऱ्हा निघाली होती. ते कण मोऱ्यांतून नद्यांत आणि नद्यांतून समुद्रांत जाऊं लागले, तेव्हां अमेरिकेला २०१५ सालीं त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला. मसुराचें पीठ आणि संत्र्याची वाळकी साल हींच कामें बिनबोभाट करतात.

वेष्टणाचें प्रकरण त्याहून किचकट. महाराष्ट्रांत २०१८ सालीं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, परंतु बंदीनें आषाढांतील हवा कांहीं कोरडी होत नाहीं. कागदाच्या पुडींतील उटण्याचा चार दिवसांत गोळा होतो. बाजारांत जीं चकचकीत पाकिटें मिळतात, त्यांत प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे पापुद्रे एकमेकांना असे चिकटविलेले असतात, कीं ते वेगळे करून पुन्हा वापरणें जवळजवळ अशक्य. म्हणून आम्ही काचेच्या बरण्या ठेवल्या. रिकामी बरणी आणून द्यावी, भरलेली घेऊन जावी. माझी आजी तेल्याकडे भांडें घेऊनच जात असे. त्याला त्या काळीं पर्यावरण म्हणत नसत, इतकेंच. परगांवच्या बरण्या सहसा परत येत नाहींत, म्हणून टपालानें उटणें जातें तें फक्त आश्विनांत, पाऊस सरल्यावर, आणि कागदांत.

खरा पेंच उटण्याच्या पोटांतच होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरांत जो वास दरवळतो, त्यांत चंदन, वाळा, कचोरा, आंबेहळद, गुलाबपाकळी अशीं अनेक मंडळी असतात. परंतु या सर्वांच्या तळाशीं एक जड, मातकट, किंचित् उग्र असा गंध असतो. तो जटामांसीचा. तो नसला तर बाकीचे सगळे वास यजमानावांचून जमलेल्या पाहुण्यांसारखे वाटतात. ही जटामांसी हिमालयांत सुमारें ३००० ते ५००० मीटर उंचीवर उगवते. उपयोग असतो तो तिच्या मुळाचा आणि मुळालगतच्या केसाळ खोडाचा. फूल तोडावें किंवा पान खुडावें तशी ती घेतां येत नाहीं, उपटावीच लागते. त्या थंडींत तिची वाढहि अति सावकाश. वन्य प्राणी व वनस्पति यांच्या व्यापारावर नजर ठेवणारा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत १९९७ सालीं तिची नोंद झाली, आणि आज अत्यंत संकटांत असलेल्या वनस्पतींच्या यादींत तिचें नांव आहे. म्हणजे जें उटणें मी ‘नैसर्गिक’ म्हणून विकावयाचें, त्यासाठीं निसर्गांतील एक रोप कायमचें जावयाचें.

चंदनाचाहि प्रश्न होताच. कर्नाटकांत २००१ पर्यंत स्वतःच्या जमिनींतील चंदनाचें झाडसुद्धां मालकाचें नसे, सरकारचें असे. मग लावण्याची हौस कोणाला राहणार! आतां शेतांतून लागवड होते. परंतु गाभा सुवासिक व्हावयास वर्षांमागून वर्षें जातात, म्हणून चंदन आम्ही चिमटीनें घालतों. जटामांसी मीं अजिबात वगळली. तिच्या जागीं मोथा वाढविला, म्हणजे तोच लव्हाळा, ज्याला नम्रतेचा मान तुकोबांनीं दिला आणि शिव्या शेतकरी देतो. शेतांतून तो खणून नेला तर मालक वर चहा पाजतो. वाळवून कुटलेल्या त्याच्या गांठींचा वास मला ओल्या मातीची आठवण देतो. पण तो जटामांसीचा नव्हे. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनीं त्या दिवाळींत स्पष्ट कळविलें, “यंदा उटण्याला सण नाहीं.”

याच सुमारास मुंबईच्या एका दुकानानें ५००० पाकिटांची मागणी केली. अटी दोनच: वास पूर्वीचा हवा आणि पाकीट चकचकीत हवें. एवढ्या मागणींत आमच्या चौघींना चार महिन्यांचें काम होतें. मीं ती परतविण्याचें बोलून दाखविलें, तेव्हां आमच्यांतील वडीलधाऱ्या बाई सूप खालीं ठेवून म्हणाल्या, “काकू, त्या हिमालयातल्या झुडपाची काळजी तुम्ही करता ते ब्येस हाय. पर ते खणणाऱ्याच्या घरीबी चूल हाय, अन् आमच्या घरीबी हाय.”

या बोलण्याला उत्तर नव्हतें, आणि आजहि माझ्यापाशीं तें पुरतें नाहीं. मुळें संपलीं म्हणजे खणणाऱ्याची चूलहि विझेल, असें मी म्हणालें. तें खरें आहे. पण उद्यांच्या खऱ्यानें आजची भाकरी भाजत नाहीं, हें त्यांनीं न बोलतांच मला ऐकविलें. लागवडीची जटामांसी मागवावी असाहि विचार झाला. परंतु व्यापाऱ्याच्या पोत्यांत लागवडीचें मूळ आणि रानांतून उपटलेलें मूळ शेजारीं शेजारीं आलें, तर मला वाईंत बसून तें ओळखतां येणार नाहीं. जें ओळखतां येत नाहीं, त्याची ग्वाही पाकिटावर छापून द्यावयाची, हें माझ्यानें होईना.

मागणी परत गेली. उटण्याची किंमत मीं थोडी वाढविली, आणि रेशमी वस्त्रें धुण्यासाठीं रिठ्याची भुकटी करावयास घेतली. चार महिन्यांच्या कामाच्या जागीं त्यामुळें दोन महिन्यांचें काम निघालें. चौघींपैकीं एक जण शिरवळच्या बाजूला कारखान्यांत माल बांधण्याच्या कामावर गेली. तेथें पगार दरमहा मिळतो. मी तिला राहा असें म्हणालें नाहीं. म्हणण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें. वडीलधाऱ्या बाई मात्र राहिल्या, आणि गिऱ्हाइकानें वासाविषयीं कुरकुर केली कीं माझ्याआधीं त्याच त्याला लव्हाळ्याचें माहात्म्य सांगूं लागतात.

पुण्याच्या त्या बाईंचा भाचा नेहमीं महाबळेश्वराला जातो-येतो. यंदा गणपतीनंतर त्याच्या हातीं दोन रिकाम्या बरण्या आल्या, घासून पुसून लख्ख. एकींत चिठ्ठी होती: “दोन्ही भरून पाठवाव्यात. वासाचें मी माझें पाहून घेईन.”