तीनशे रुपयांची टॉर्च

आमच्या घरात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. ‘विजेरी’ हा शब्द मी शाळेत शिकलो आणि शाळेतच ठेवून आलो. अब्बांची जुनी बॅटरी पितळेची होती, तीन मोठ्या सेलची, अलाहाबादच्या शेरवानी कुटुंबाच्या ‘जीप’ कारखान्यातली. तिच्या शेपटीच्या झाकणात एक जादा बल्ब ठेवलेला असे. सेल उतरायला लागले की उजेड पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस होई, आणि अब्बा सेल काढून उन्हात ठेवत. ती गेल्यानंतर घरात प्लास्टिकच्या चार्जिंगवाल्या आल्या आणि गेल्या. एकही तिसरा पावसाळा बघू शकली नाही.

अब्बा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. घर ते मशीद म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, मध्ये एक वहाळ आणि त्यावरची साकव. फजरला आणि इशाला ते जाणारच, पाऊस असो की नसो. पावसाळ्यात लाइट गेली की आमच्या वाडीत दोन-दोन दिवस येत नाही. आणि रत्नागिरीच्या कातळावर फुरसं असतं. वीतभर लांबीचं, दगडाच्या रंगाचं. ते पळून जात नाही, वेटोळं करून जागेवरच बसतं. विंचू वेगळेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर आयुष्य घातलं, ते उगाच नाही. अशा वाटेवर पाऊल टाकण्याआधी दगड दिसायला लागतो. मोबाइलच्या टॉर्चबद्दल कुणी सांगू नका. एका हातात छत्री, दुसऱ्यात काठी, आणि पावसात मोबाइल धरायचा कशात?

म्हणून मी मुंब्र्याहून टॉर्च घेऊन जायचं ठरवलं. ऑफिसमधला एक सहकारी दर शनिवारी सह्याद्रीत कुठल्या तरी गडावर असतो. त्याच्याकडे एका नामवंत परदेशी कंपनीची टॉर्च आहे, ५,२०० रुपयांची. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला एका दुकानात हुबेहूब तशीच ६५० ला मिळत होती. तोच काळा ॲल्युमिनियम, तेच खवले पाडलेलं दांडकं, नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे. दुकानदार म्हणाला, “भाई, सेम टू सेम. कंपनी नाम का पैसा लेती है.” त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. नावाचे पैसे कंपन्या घेतातच. मी ६५० ची मुद्दाम विकत घेतली आणि सहकाऱ्याकडून खरी दोन रात्रींसाठी मागून आणली.

नकलेचा हा धंदा जुना आहे. अमेरिकेत ॲंथनी मॅग्लिका यांनी १९७९ मध्ये ‘मॅगलाइट’ काढली. ॲल्युमिनियमची, पोलिसांच्या हातात दंडुक्यासारखी शोभणारी. तिच्या इतक्या नकला निघाल्या की त्यांची कंपनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. टॉर्चची नक्कल सोपी असते, कारण बाहेरून दिसतो तो फक्त पाइप. आतला स्प्रिंग, स्विच, एलईडीला मोजून वीज देणारी छोटी चकती आणि पाणी अडवणारी रबरी रिंग दुकानात कुणी उघडून बघत नाही.

रात्री इमारतीच्या गच्चीवरून दोन्ही टॉर्च पारसिकच्या डोंगरावर मारल्या. खरं सांगायचं तर पहिली दोन मिनिटं फरक सांगता आला नसता. मुलगा तर नकलीच्या बाजूने होता, तिचा झोत पुढेमागे सरकत होता ना! वीस मिनिटांनी नकली अर्ध्यावर आली. खरीने मधेच उजेड थोडा उतरवला होता, तापू नये म्हणून, आणि तिथेच ती टिकून राहिली. नंतर सहकाऱ्याला फोन करून विचारलं आणि दोन्ही बादलीत बुडवल्या. नकलीच्या काचेआड दहा मिनिटांत धुकं जमलं.

तिच्या खोक्यावर लिहिलं होतं ‘१०,००० लुमेन’. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा उजेड सातशे-आठशे लुमेन असतो. म्हणजे मुठीत मावणाऱ्या या पाइपात बारा-तेरा बल्ब! तेवढ्या उजेडाला ऐंशी-नव्वद वॅट तरी लागतील. आत जो सेल बसतो त्याला १८६५० म्हणतात, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. तो अगदी अस्सल असला तरी एवढ्या ओढीने सात-आठ मिनिटांत रिकामा होईल, आणि टॉर्च त्याआधीच हातातून टाकावी लागेल इतकी तापेल.

आणि हा सेल अस्सल नव्हताच. त्यावर ‘९,९०० एमएएच’ छापलेलं. चांगल्या कंपन्यांचे या आकाराचे सेल ३,५०० च्या आसपास थांबतात. असा सेल पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतो. हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर अठ्ठावीस भरला. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मित्राने तो गॅलरीत जपून कापला (तुम्ही करू नका, पेट घेतो). आत बोटाएवढा लहान सेल होता आणि उरलेल्या जागेत पांढरी पावडर भरलेली. मित्र हसला. मला हसू आलं नाही. आपल्याकडे याला ‘मापात पाप’ म्हणतात, आणि माप मारणाऱ्यांच्या नावाची एक सूरहच कुराणात आहे, अल-मुतफ्फिफीन. लहानपणी मकतबात ती पाठ करताना माझ्या डोळ्यांपुढे तराजू आणि तांदूळ यायचे. आता पावडर येईल.

स्वस्ताला मात्र मी नावं ठेवणार नाही. साधी दीडशे रुपयांची प्लास्टिकची टॉर्च खोटं बोलत नाही. ती म्हणते, मी दीडशेची आहे, संडासापर्यंत नेईन. खाडीवर रात्री जाळं टाकणारे आमचे लोक तसल्याच टॉर्च डोक्याला बांधतात आणि त्यांचं भागतं. राग खोक्यावरच्या आकड्याचा आहे. दहा हजार लुमेनच्या भरवशावर एखादा माणूस साकवीवर पाय टाकतो.

महागड्या कंपन्याही साधुसंत नाहीत. त्यांच्या खोक्यावरचे आकडे २००९ साली ठरलेल्या एका अमेरिकी मानकाप्रमाणे असतात. त्यात उजेड मोजतात तो टॉर्च लावल्यावर पहिल्या दोन मिनिटांत. ‘इतके तास चालते’ म्हणजे उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंत. ‘इतके मीटर लांब’ म्हणजे जिथे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड उरतो तिथपर्यंत. खोटं काही नाही, पण वाचायला यावं लागतं.

मग ५,२०० ची घ्यायची? पैशांची ओढाताण होतीच, पण भीती वेगळी होती. आमच्या घरात महाग वस्तू वापरत नाहीत, ठेवतात. अब्बांना दुबईहून आलेलं घड्याळ अजून डब्यात आहे. पाच हजारांची टॉर्च अम्मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवणार आणि अब्बा अंधारात काठी ठोकत जाणार, हे मला दिसत होतं. शिवाय तो १८६५० सेल गावात कुठे मिळणार? लाइट गेल्यावर चार्ज कशावर करणार?

शेवटी त्याच कंपनीची सगळ्यात लहान टॉर्च घेतली. एका पेन्सिल सेलवर चालणारी, १,८५० रुपये. उजेड दीडशे लुमेन, पाखाडीला तो पुष्कळ झाला. सेल नाक्यावरच्या दुकानात मिळतो. पाण्यात पडली तर उचलायची आणि पुसायची. आकार मात्र करंगळीपेक्षा थोडा मोठा, आणि हीच तिची अडचण. एवढीशी टॉर्च कुणाला खरी वाटेल?

खोकं मुंब्र्यातच टाकलं. टॉर्चला पायजम्याचा नाडा बांधला आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. अब्बांनी हातात घेऊन पाहिली. “केवढ्याची? तीनशे?” मी म्हणालो, “लावून तर बघा.” तीनशे हा आकडा त्यांनीच काढला आणि त्यांनीच पक्का केला.

त्या गोष्टीला दोन पावसाळे झाले. टॉर्च चिऱ्यांवर पडली आहे, वहाळात एकदा वाहत जाऊन झुडपात अडकली आहे. गेल्या श्रावणात रात्री एका मय्यतीला कबर खोदायची होती, धो धो पाऊस, तेव्हा ती चार तास एका पोराच्या दातांत होती. अब्बा ती कुणालाही देतात, कारण तीनशेची आहे.

जुम्याला मशिदीच्या पायरीवर ते लोकांना सांगत होते, “चायनाची आहे, पण चांगली निघाली.” या ईदला गेलो तर वाडीतल्या दोघांनी मला गाठलं. तसलीच आणून दे म्हणाले, आणि नको नको म्हणत असताना तीनशे-तीनशे रुपये खिशात कोंबले. ते सहाशे रुपये अजून माझ्याकडे आहेत.