ब्लूर स्ट्रीटवरची खानावळ

टोरांटोच्या सबवेनं क्रिस्टी स्टेशनवर उतरावं आणि ब्लूर स्ट्रीटनं पूर्वेला, बॅथर्स्टच्या दिशेनं चालू लागावं. चार पावलांतच दुकानांच्या पाट्या कोरियन लिपीत दिसू लागतात. याच भागात एका लहानशा उपाहारगृहात आम्ही दोघं बरीच वर्षं जातो. दहा-बारा टेबलं, भिंतीवर पदार्थांचे फोटो, बस्स. नाव सांगत नाही. शनिवारी आधीच जागा मिळत नाही!

इथला मुख्य पदार्थ गामजाटांग. 'गामजा' म्हणजे बटाटा आणि 'टांग' म्हणजे रस्सा. पण नावावर जाऊ नका. भांड्यात बटाटा एखादाच आणि डुकराच्या कण्याची हाडं चांगली तीन-चार. ही हाडं भिजवून, एक उकळी देऊन, ते पाणी फेकून द्यायचं आणि मग तासन् तास शिजवायची. त्यात लसूण, लाल मिरची, आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, कोबीचा पाला आणि वरून पेरिला नावाच्या बियांची पूड. भांडं खदखदतच टेबलावर येतं. सोबत भात; हवं तर त्याच रश्श्यात नूडल्स घालून देतात. किमची, मोडाचे सोयाबीन वगैरे तोंडीलावणी संपली की पुन्हा येतात, त्याचे पैसे नाहीत. माणशी वीस डॉलरच्या आसपास पोट तुडुंब.

आमच्यापैकी एक कोल्हापूरकर, त्यामुळे हाडांच्या रश्श्याला नावं ठेवायची सोयच नव्हती. दुसरी व्यक्ती शाकाहारी घरातली. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: किमचीतसुद्धा बहुधा खारवलेली कोळंबी नाहीतर मासळीचा रस असतो, तेव्हा विचारून घ्या.

कोरियाच्या दक्षिणेला जेजू बेट आहे. तिथं लग्नकार्यात डुक्कर कापून, त्याच्या हाडांच्या रश्श्यात नूडल्स घालून पाहुण्यांना वाढायची रीत. त्या पदार्थाचं नाव गोगी-गुक्सू. लग्नाशी नूडल्सचं नातं साऱ्या कोरियात इतकं पक्कं, की उपवर मुलाला विचारतात, "नूडल्स कधी खायला घालणार?" आपण लाडू विचारतो, तसंच!

पण आम्ही तिथं जातो ते नुसत्या रश्श्यासाठी नव्हे. खिडकीजवळच्या टेबलावर एक आजोबा एकटेच जेवत असतात. कुणी त्यांची कीव करत नाही. बाजूला युनिव्हर्सिटीतली पोरं. त्यांचं आपसातलं बोलणं सगळं इंग्रजीत, पण जेवण मागवायचं ते कोरियनमध्ये, मोडकंतोडकं का होईना. वाढणाऱ्या बाईंना ती 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे मावशी!

हे आपल्याला नवीन आहे का? मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकट्यानं आलेले कामगार अशाच बायकांच्या खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवत. त्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे परगावी गेलेल्या मराठी माणसाला सांभाळणारी खानावळ आपल्याकडे होतीच. ती कॅनडापर्यंत पोचली नाही एवढंच.

कारण उघड आहे. १९६७ साली गुणांवर आधारलेली इमिग्रेशनची पद्धत आली आणि त्या दाराने कोरियन आले तसे आपणही आलो. त्यांच्यातल्या कित्येक शिकलेल्या माणसांना पदवीला साजेशी नोकरी मिळाली नाही; त्यांनी किराण्याची दुकानं आणि उपाहारगृहं काढली. आपले बरेचसे लोक नोकरीत रमले. चूल घरातच राहिली. आज वडापाव इथंही विकत मिळू लागला, आनंद आहे. पण पिठलं-भाकरी खायची तर कुणाचं तरी आमंत्रण यावं लागतं, नाहीतर मंडळाचा कार्यक्रम.

आणि आमंत्रणं कमी होत चालली आहेत. आमच्या पिढीतली काही माणसं आता एकटी उरली. संध्याकाळी दुधात सीरियल घालून खाणारे दोघं-तिघं आमच्याच ओळखीचे आहेत. नातवंडांना आमटी आवडते, पण ती मराठीत मागायची वेळ त्यांच्यावर येते कधी?

ब्लूरवरचं हे सुखही कायमचं धरून चालू नये. बॅथर्स्टच्या कोपऱ्यावरचं 'ऑनेस्ट एड्स' हे स्वस्ताईचं प्रसिद्ध दुकान २०१६ च्या अखेरीस बंद झालं, आणि त्या जागी उंच इमारती आल्या. भाडी वाढली की पहिला बळी स्वस्त जेवणाचा.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना. महिन्यातून एका शनिवारी हॉलमध्ये दुपारची खानावळ चालवावी. कार्यक्रम नको, भाषणं नकोत, आगाऊ नावनोंदणी नको. भाकरी, पिठलं, एक भाजी, आमटी-भात, खर्चापुरते पैसे. एकट्यानं यावं, जेवावं, जावं. वाढायला आम्ही दोघं आहोत. नातवंडांना एकच अट: वाढणाऱ्या बाईला मावशी म्हणायचं आणि आमटी मराठीत मागायची.