काचेवरची धूळ

दिवाळीनंतर रामपायलीत धानाचे चुरणे सुरू झाले की बारीक धूळ घराघरांत शिरते. म्हणून दादांचा दोन भिंगांचा याशिका कॅमेरा मी त्याआधीच पुसून घेतो. पंखा बंद करायचा, जमिनीवर पाणी शिंपडायचे आणि दार लोटून अर्धा तास थांबायचे. उडालेली धूळ खाली बसते. मग भिंगाचे तोंड खाली धरून रबरी फुग्याने हवा मारायची, नंतर मऊ ब्रश, कापड अगदी शेवटी. आधीच कापड फिरवले तर रेतीचा एखादा कणही काचेवरच्या लेपाला ओरखडा पाडतो. तोंडाने फुंकणे तर नकोच, थुंकी उडते!

आतल्या काचांमध्ये मात्र एक कण आहे, दादा होते तेव्हापासूनचा. त्यांच्या मुलाला तो खुपतो. "काका, उघडून काढू ना!" भिंग उघडले तर एक कण जाऊन दहा शिरतील, काचांचे अंतर केसभर ढळले तरी चित्र पुसट येईल. एवढासा कण फोटोत दिसतही नाही. बुरशी असती तर गोष्ट वेगळी, ती पसरते आणि लेप खाते. तिच्यासाठी पावसाळ्यात चामड्याची पिशवी टाळून हवाबंद डबा वापरतो, आत सिलिका जेलच्या पुड्या.

पुतण्याने पेचकस परत ठेवला आहे. डब्याची किल्ली तूर्त माझ्याकडेच असते.