हत्ती नसलेलं हत्तीबेट

बेटावर फिरायला जायचं म्हणजे विमानच हवं, असं थोडंच आहे? लालबाग-परळहून सकाळी लवकर निघून गेटवे ऑफ इंडिया गाठलं, की लाँचने तासाभरात एक झकास बेट येतं. घारापुरी! फक्त सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात. आणि लाँचमध्ये लाइफ जॅकेट घालायचंच, उकडलं तरी. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट धडकून ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट बुडाली. दहाहून अधिक माणसं दगावली.

चौपाटीसारखी वाळू मात्र इथे शोधू नका बरं का! ओहोटीला दिसतो चिखल, आणि त्यात पाय रोवून उभी खारफुटी. आई म्हणेल, "शी!" पण मासळीची, खेकड्यांची पिल्लं वाढतात ती त्याच चिखलात.

धक्क्यावरून छोटी आगगाडी असते. पुढे शंभराहून जास्त पायऱ्या. वाटेत गावातल्या बायका काकडी, कैऱ्या, चिंचा विकतात. तिखटमीठ लावून घ्या, पण माकडांपासून जपून! त्यांना पिशवीतलं सगळं कळतं.

वर सहाव्या शतकातली लेणी आहेत. आतल्या अंधाराला डोळे सरावले, की समोर सुमारे वीस फुटी शिवमूर्ती उभी राहते. तीन मुखं, पण भाव वेगवेगळे: तुमच्या डावीकडचं रागीट, उजवीकडचं नाजूक आणि मधलं अगदी शांत. हे सगळं एकाच डोंगरात कोरलेलं! छिन्नी जरा चुकली असती तर? दगड काही परत चिकटवता येत नाही. १९८७ मध्ये या लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला.

पण खाली राहणाऱ्या तीन गावांना चोवीस तास वीज मिळायला २०१८ साल उजाडलं. समुद्राच्या तळातून केबल टाकून ती आणली. तोपर्यंत संध्याकाळी काही तास जनरेटर, मग कंदील. समोर मुंबईचा झगमगाट, आणि इथली मुलं अंधारात अभ्यास करत होती!

आता हत्तीचं. इथल्या दगडी हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. पुढे तो हत्ती मोडला. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ मध्ये जोडले. आज तो आहे भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. म्हणजे लालबागच्या मुलांच्या अगदी जवळच! कुठे कुठे जोडलाय ते ओळखता येतं का, बघा.