लाकडाचे बिस्कीट

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेचे पुस्तकांचे रॅक २०२३ च्या जुलै महिन्यात कोसळले. रात्री साडेनऊची वेळ. बारावीची एक मुलगी त्याच रॅकला पाठ टेकून अकाउंट्सची गणिते सोडवत बसली होती. पाणी प्यायला म्हणून ती उठली, दाराशी पोहोचली आणि मागे धडाडकन आवाज झाला. सहा फुटी सांगाडा आणि त्यावरची दोन-अडीचशे पुस्तके, सगळे तिच्या सतरंजीवर. मुलीला खरचटलेसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी तिच्या आईने आम्हाला रस्त्यात गाठून एकच प्रश्न विचारला, "भाऊ, ते रॅक कुणी करून घेतलं होतं?"

रॅक आम्हीच करून घेतले होते. वस्तीने दहा-वीस रुपयांनी गोळा केलेला पैसा आमच्या हाती होता, वहीवर सही आमची होती. कचेरीत जे वीस वर्षे करत आलो तेच इथे केले. तीन ठिकाणची दरपत्रके मागवली, तुलनात्मक तक्ता केला आणि सर्वांत कमी दर मंजूर केला. तक्ता बिनचूक होता. त्यात लाकडाविषयी मात्र एक अक्षर नव्हते.

आमचा भाचा आयटीआयमधून सुतारकाम शिकलेला, एका फर्निचरच्या कारखान्यात कामाला आहे. त्याला बोलावून मोडलेले तुकडे दाखवले. त्याने एक फळी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला तशी भुकटी खाली पडली. "मामा, हा चिपबोर्ड. लाकडाचे छिलके गोंदात दाबून केलेली फळी. हिच्या कडेत खिळा ठोकायचा म्हणजे टोस्टात टाचणी खुपसायची. पावसाळ्यात ओल धरली, फळी फुगली, खिळे सैल झाले. बसवणाऱ्याला मी फार दोष देणार नाही. माल आणि जोड यांचं लग्नच चुकलं."

मग करायचे काय? तेव्हा त्याच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा 'बिस्किट जॉइनर' हे नाव ऐकले. आम्हाला थट्टा वाटली. त्याने खिशातून एक चपटी चकती काढून आमच्या तळहातावर ठेवली. करवंदाच्या पानासारखा आकार, दोन्ही टोकांना निमुळती, चार मिलिमीटर जाड, जेमतेम सव्वादोन इंच लांब. या तळहाताएवढ्याही नसलेल्या ढलपीवर पुस्तकांचा भार टाकायचा, ही गोष्ट काही आमच्या पचनी पडेना.

पण या चकतीची हकिकत भाच्याने सांगितली, पुढे आम्हीही चौकशी केली, आणि ती आमच्याच रॅकची हकिकत निघाली. स्वित्झर्लंडमधल्या लीस्टाल या गावी हेर्मान श्टायनर नावाचे एक सुतार होते. १९५० नंतरच्या दशकात त्यांच्या पुढ्यात चिपबोर्ड हा नवाच माल येऊन पडला. जुन्या जोडांना हा माल दाद देईना. तेव्हा त्यांनी दोन्ही फळ्यांत अर्धगोल खाच पाडून मध्ये लाकडाची चकती बसवण्याची युक्ती काढली. १९५६ साली त्यासाठी एका जागी बसवलेले यंत्र तयार झाले आणि १९६८ साली हातात धरून चालवायचे. 'लामेलो' हे त्या पद्धतीचे नाव, जर्मन भाषेत पातळ पट्टीला जो शब्द आहे त्यावरून पडलेले. म्हणजे ज्या दुखण्याने आमचे रॅक गेले, त्यावरचे औषध आमच्या जन्माआधीच एका सुताराने शोधून ठेवले होते. आमच्या तक्त्यापर्यंत ते पोहोचले नव्हते इतकेच.

चकतीतली खरी गंमत अशी की ती बीच नावाच्या लाकडाची असते आणि कारखान्यात दाबून घट्ट केलेली असते. खाचेत पांढरा गोंद, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळेच फेविकॉल म्हणतात तसला पाण्यातला गोंद, घातला की ती पाणी पिते आणि फुगते. फुगली की खाचेच्या दोन्ही भिंतींना घट्ट चिकटून बसते. लाकडाचे रेषेही तिच्यात तिरपे धरलेले असतात, म्हणून जोडाच्या ओळीवर ती सरळ चिरत नाही. ज्या ओलीने आमचे रॅक खाल्ले तीच ओल इथे मदतीला येते.

आता यंत्र. ते विकत घ्यायचे तर भाच्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढी किंमत. त्याने मालकाकडे शब्द टाकून दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांसाठी मागून आणायचे ठरवले. मजुरी तो घेणार नव्हता. तरी समितीच्या बैठकीत एका सभासदाने टोमणा मारलाच, "आधी मामांनी पाडलं, आता भाचा उभं करणार." आम्ही गप्प बसलो. खोटे कुठे होते? मात्र भाच्याकडून साध्या कागदावर मालाची यादी लिहून घेतली आणि या वेळी यादीवर वस्तीतल्या जुन्या मिस्त्रींची सही घेतली.

मिस्त्री सत्तरीचे आहेत. साऱ्या आयुष्यात पटाशीने भोके पाडून कुसू बसवत आले. चकती बघून ते म्हणाले, "पोरा, हे देवळातल्या प्रसादासारखं दिसतंय. जोड कुठं आहे?" भाच्याने वाद घातला नाही. आपल्या खोलीवर प्लायचे दोन तुकडे चकती घालून काटकोनात चिकटवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे ठेवले. मिस्त्रींनी हातोडी घेतली. तिसऱ्या घावाला तुकडे सुटले, पण गोंदाची रेघ शाबूत होती. प्लायचे पापुद्रे उखडून चकतीला चिकटून आले होते. मिस्त्रींनी चष्मा काढून तो तुकडा बराच वेळ न्याहाळला. मग विचारले, "खुर्चीला चालंल का?" भाचा म्हणाला, "नाही बाबा. खुर्चीचे पाय रोज हलणार, त्याला तुमचं कुसूच पाहिजे. हे पेटी, कपाट, रॅक अशा कामाला." या उत्तरावर मिस्त्री खूश झाले. त्यांनी सही केली ती त्या चाचणीपेक्षा या उत्तरावर, असे आमचे मत आहे.

माल अठरा मिलिमीटरचा प्लाय घेतला. तीन रॅक, प्रत्येक सहा फूट उंच, एक फूट खोल. रुंदी मात्र तीन फुटांवरून अडीच फुटांवर आणली, कारण पुस्तकांच्या वजनाने लांब फळीला पोट येते आणि त्यावर कोणत्याही जोडाचा इलाज नाही. प्रत्येक रॅकला सात आडव्या फळ्या, फळीच्या प्रत्येक टोकाला तीन चकत्या. हिशेब आम्ही मांडला. एका रॅकला बेचाळीस, तिघांना १२६. दुकानातून दीडशे आणल्या, वीस नंबरच्या. शून्य आणि दहा नंबरच्या याहून लहान असतात, पण अठरा मिलिमीटरच्या प्लायला वीस नंबर बसतो आणि मोठी चकती म्हणजे चिकटायला जास्त जागा.

कामाच्या सकाळी भाच्याने फळी उभ्या बाजूला टेकवून पेन्सिलीने दोन्हींवर मिळून एकच रेघ ओढली. कडेपासून पाच सेंटिमीटरवर एक, मध्ये एक, दुसऱ्या कडेपासून पाचवर एक. मग यंत्रावरची खूण त्या रेघेवर धरून दाबले की आतले पाते पुढे येते, झर्रकन खाच पाडते आणि सोडले की स्प्रिंगने परत आत जाते. एका खाचेला काही सेकंद. मिस्त्री स्टुलावर बसून पाहत होते. एवढ्या भोकांना त्यांना आठवडा लागला असता, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवले. शिवाय खाच चकतीपेक्षा थोडी लांब असते, त्यामुळे रेघ मिलिमीटरभर चुकली तरी फळी सरकवून नीट करता येते. कुसूमध्ये अशी माफी नसते. मात्र उंचीत चुकलात तर इथेही माफी नाही. म्हणून यंत्राचा तळ दर वेळी सपाट टेकला आहे ना, याकडे भाचा डोळ्यांत तेल घालून बघत होता. फळी हाताने धरून खाच पाडायची नाही, आधी शिकंज्यात आवळायची, हे तर त्याने मदतीला आलेल्या मुलांना तीनदा बजावले.

आणि मग आमची दुसरी चूक उघडी पडली. चकत्या आम्ही सप्टेंबरातच आणून माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या होत्या, पिशवीचे तोंड उघडेच. पाऊस अजून सरला नव्हता. वरच्या काही चकत्या हवेतली ओल पिऊन आधीच फुगल्या होत्या. एक खाचेत जाईना म्हणून आम्ही उत्साहाने हातोडी घातली. प्लायची कड टरकन फाटली. भाचा काही बोलला नाही, फक्त हातोडी आमच्या हातातून काढून घेतली. त्याने एकेक चकती खाचेत घालून पाहिली, अकरा बाजूला काढल्या. "या फेकायच्या?" आम्ही विचारले. आमचा जीव कळवळला. तो म्हणाला, "मामा, बिस्कीट मऊ पडलं की पाहुण्याला देतो का आपण?" उरलेल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात गेल्या.

गोंद लावण्याआधी त्याने अख्खे रॅक कोरडेच उभे करून पाहिले, गुण्या लावून काटकोन तपासला, पुन्हा सोडवले. कारण एकदा गोंद लागला की चकती काही मिनिटांत फुगते, मग ओढाताण करायला वेळ नसतो. गोंद खाचेच्या भिंतींना लावायचा. नुसत्या चकतीला फासला तर खाचेत शिरतानाच पुसला जातो आणि चकती हातातच फुगू लागते. आम्ही कुंचला धरला, मुलांनी चकत्या दिल्या, भाच्याने फळ्या बसवल्या, मिस्त्री शिकंजे आवळत गेले. मागे सहा मिलिमीटरचा प्लाय मारला, म्हणजे रॅक कडेला लवणार नाही. वरून दोन लोखंडी कोन भिंतीत पक्के केले. चकतीने फळ्या धरल्या तरी रॅक भिंतीवरून पुढे येणार नाही याची जबाबदारी ती घेत नाही, असे भाच्याचे शब्द होते.

रात्रभर शिकंजे तसेच ठेवले. सकाळी कामाला जाताना आम्ही अभ्यासिकेत डोकावलो तर भाचा मधल्या फळीवर दोन्ही हात टेकून, पाय उचलून, लोंबकळत होता. मिस्त्री शेजारी उभे राहून हसत होते.

रॅकना आता दोन पावसाळे होऊन गेले आहेत. ज्या फळीची कड आम्ही फाडली ती सर्वांत खाली लावली आहे, तिथे जाडजूड कोश ठेवले आहेत. ती मुलगी आता बी.कॉम.ला आहे, अजूनही तिथेच बसते, फक्त रॅककडे तोंड करून. तिच्या आईने मध्यंतरी आम्हाला विचारले, घरातल्या ओट्याखाली एक फळी बसवायची आहे, भाचा येईल का म्हणून.

साठ्याच्या वहीत आमची नोंद अशी आहे: चकत्या आल्या १५०, वापरल्या १२६, ओलीने बाद ११, चाचणीत १, शिल्लक १२. शिल्लक बारा मिस्त्रींनी मागून नेल्या. नातीच्या पुस्तकांसाठी छोटे कपाट करतो म्हणाले. पावती मागितली तर भाच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यंत्र कधी मिळतंय तेवढं ह्याला विचारून सांगा, पावती मग लिहू."