पौरुषग्रंथि

पुरुषाला रडतां येत नाहीं, असें आपण म्हणतों. त्याला आणखी एक गोष्ट येत नाहीं. ती म्हणजे कमरेखालच्या दुखण्याविषयीं बोलणें.

भंडारा जिल्ह्यांतील करडी या आमच्या गांवीं माझे वडील रात्रीं चार-चार वेळां उठत. दार वाजलें कीं आम्ही कूस बदलीत असूं. ‘म्हातारपण’ हा एक शब्द घरांत असला म्हणजे तो सगळ्या दुखण्यांना पुरतो! पुढें कंबर दुखूं लागली, तेव्हां तिचा दोष धानाच्या बांध्यांवर गेला. जन्मभर चिखलांत वांकून रोवणी केलेल्या माणसाची कंबर दुखायचीच! शेवटीं लघवी अडली आणि नागपूर गांठावें लागलें.

डॉक्टरांनीं बोटानें तपासलें, रक्तांतील पीएसए मोजला. ग्रंथीच्या निरुपद्रवी वाढीनेंहि तो चढतो. म्हणून सुईनें तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, मग हाडांची तपासणी केली. कर्करोग ग्रंथि सोडून कमरेच्या हाडांत उतरला होता. तो ग्रंथींतच असतांना सांपडला असता, तर शस्त्रक्रियेनें किंवा किरणांनीं समूळ जाण्याची आशा होती. आतां तो कांहीं काळ थोपवितां येईल, इतकेंच.

या ग्रंथीला आपल्या भाषेंत पौरुषग्रंथि म्हणतात. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदानें १९४१ सालीं दाखवून दिलें कीं, या कर्करोगाचें खाद्य म्हणजे पुरुषत्वाचा अंतःस्रावच. अंडकोष काढले कीं रोग ओसरतो. १९६६ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. आज जोडीला नवीं औषधें आलीं आहेत, परंतु पाया तोच: ठराविक महिन्यांनीं इंजेक्शनें, किंवा एकदाच एक लहानशी शस्त्रक्रिया.

हें वडिलांना सांगावयाचें कोणीं? दवाखान्याच्या व्हरांड्यांत मी शब्द जुळवीत फिरलों. इतकीं पुस्तकें वाचलीं होतीं. त्यांतला एकहि शब्द कामीं येईना. अखेर जमिनीकडे पाहून अर्धेंमुर्धें बोललों. त्यांनीं सारें ऐकून घेतलें, खर्च विचारला आणि म्हणाले, “एकदाच काय तें करून टाका. मले रोवणीले घरीं राहाचं आहे.”

ते रोवणीला घरीं होते. बांधावर बसून त्यांनीं मजुरांना हांका मारल्या. संध्याकाळीं पारावर बसून आपल्या वयाच्या मंडळींना ते सरळ विचारीत, “रात्रीं किती वेळां उठतां?” प्रथम हंशा पिकला. मग एक शेजारी मुकाट्यानें तपासून आला. त्याची नुसती ग्रंथि वाढली होती, गोळ्यांवर भागलें. पौरुष हा शब्द मला त्या पारावर नव्यानें कळला.

वडील आतां नाहींत. मीं पन्नाशी ओलांडली आहे, आणि बापाला हा रोग झाला असला कीं मुलालाहि त्याचा धोका वाढतो. परवां मीं रक्त तपासावयास दिलें. घरीं आल्यावर पत्नीला तें सांगितलें. या खेपेस जमिनीकडे पाहिलें नाहीं.