ज्याची बोली, त्याचं मन

शिक्षक मित्रांनो, एखादा नवा विचार परक्या मुलखात रुजतो कसा? आयर्लंडचे संत पॅट्रिक यांची गोष्ट मला यासाठी महत्त्वाची वाटते. पाचव्या शतकात, सोळा वर्षांचे असताना लुटारूंनी त्यांना ब्रिटनमधून पकडून आयर्लंडला नेले. सहा वर्षे त्यांनी तिथे गुरं राखली. पुढे ते निसटले, घरी पोहोचले आणि काही वर्षांनी ख्रिस्ताचा धर्म सांगायला त्याच लोकांत परत गेले. राखणीच्या त्या वर्षांत तिथली बोली त्यांच्या कानात बसली असणार. मला वाटतं, हीच त्यांची खरी शिदोरी.

आपल्याकडेही हेच दिसतं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपलं तत्त्वज्ञान मराठीत सांगितलं. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'त मराठीतच लिहिल्या. आपल्या जिल्ह्यातलं माहूर महानुभावांना आजही पवित्र आहे. पुढे १५७९ साली थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू गोव्यात आले. इथली भाषा शिकले आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत. पण भाषा मराठी आणि छंद आपल्या ओवीचा!

याच्या उलट उदाहरणही गोव्यातलंच. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने हुकूम काढला: तीन वर्षांत आपली बोली सोडा, पोर्तुगीज बोला. हुकूम कागदावर राहिला, कोकणी मात्र आजही घराघरांत बोलली जाते.

आता आपल्या वर्गाकडे बघू. देगलूरकडे घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटी. पहिलीतलं लेकरू गप्प बसलं, की कुणीतरी म्हणतंच, "ह्याला काहीच येत नाही हो!" येत नाही कसं? घरी तर ते दिवसभर बोलतं. मी पाण्याचं चित्र दाखवून विचारतो, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" कुणी 'नीळ्ळु' म्हणतं, कुणी 'नीरु'. दोन्ही शब्द फळ्यावर 'पाणी'शेजारी लिहितो. मग गप्प बसणारी लेकरंही हात वर करतात.

प्रमाण मराठी त्यांना आलीच पाहिजे, ते आपलं कामच आहे. पण आपण त्यांच्या शब्दापर्यंत चालत गेलो, तरच ती आपल्या पुस्तकापर्यंत येतील.